धाकट्या भावाचे चार दिवस : सतरा वर्षांखालचा फुटबॉल आणि जन्मतारीख

आखरावरची

नमस्कार मंडळी. प्रश्न फुटबॉलचा आहे, पण अर्धा ग्रामपंचायतीचा आहे, त्यामुळे लांबेल.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीची संगणक परिचालक. जन्माचे, रहिवासाचे, कसले कसले दाखले माझ्या टेबलावरून जातात. लॉगिन ग्रामसेवकाचं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असा आदेश आहे, गावात कोणी म्हणत नाही), ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, आणि बोटं माझी.

धाकटा भाऊ दहावीत आहे. आखरावर खेळतो. आखर म्हणजे सकाळी गावची ढोरं जमतात ती जागा. संध्याकाळी ढोरं घरोघर गेली की पोट्टे शेण बाजूला लोटतात, बाभळीच्या दोन-दोन बल्ल्या रोवतात आणि अंधार पडेपर्यंत धावतात. कबड्डीच्या गावात फुटबॉल कुठून आला? २०१७ मधून. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप आपल्या देशात होता. त्याच्या आधी, १५ सप्टेंबरला, राज्यभर शाळांतून फुटबॉल खेळायचा दिवस ठरला आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेत चेंडू आले. बऱ्याच गावांत ते कपाटात गेले म्हणतात. आमच्या शाळेच्या कपाटाला कुलूप नव्हतं, एवढाच फरक. भाऊ तेव्हा दुसरीत होता.

यंदा, म्हणजे २०२५ ला, २७ सप्टेंबरला कोलंबोत सॅफच्या (दक्षिण आशियातल्या देशांच्या) सतरा वर्षांखालच्या स्पर्धेची फायनल होती, भारत-बांगलादेश. सोयाबीन सोंगणीला आलेलं आणि पाऊस हटत नव्हता. रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येते. तिथे अकरा पोट्टे, एक मोबाईल आणि डोक्यावर फवारणीवाल्याची ताडपत्री. चौथ्याच मिनिटाला आपला गोल. मग बांगलादेशची बरोबरी, मग आपला दुसरा, आणि पंच शिट्टी तोंडाला लावणार इतक्यात बांगलादेशची पुन्हा बरोबरी. पेनल्टीवर आपण ४-१ ने जिंकलो तेव्हा ताडपत्रीतलं सगळं पाणी मोबाईलवर सांडलं. मोबाईल माझा होता.

त्या रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, त्यातले बरेच पोट्टे माझ्याच वर्षाचे हायत."

आता गाठ इथे आहे. भावाचं वर्ष कोणतं?

आधारवर आणि शाळेत त्याची तारीख १ जानेवारी २०१० आहे. आधारचा कॅम्प गावात लागला तेव्हा आई म्हणाली, "नव्या सालाच्या टायमाले झाला," आणि ऑपरेटरनं १ जानेवारी ठोकून दिली. शाळेनं आधारवरून उतरवलं. पण जन्माच्या वहीत तो २८ डिसेंबर २००९ चा आहे. ती नोंद मी शंभरदा पाहिली. मागच्या ग्रामसेवकाचं उभट अक्षर, निळी शाई, बाळाच्या नावाची जागा कोरी, कोपरा कसरीनं खाल्लेला. जुन्या वह्या ऑनलाइन चढवायचं काम चालू आहे, २००९ ची वही गेला आठवडाभर माझ्या टेबलावर आहे, आणि त्याचं पान मी अजून चढवलेलं नाही.

दिवाळीच्या आधी शिबिर घ्यायला एक सर आले होते. नाव घेत नाही. भावाचा खेळ पाहून खूश झाले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्याच हातात आहे मॅडम. चार दिवस कोणाला कळतात? १ जानेवारी चढवा." दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "चढवतेच आहात तर २०११ करा ना."

२०११ ला मी नाही म्हटलं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण ते चार दिवस डोक्यातून जात नाहीत. चार दिवसांनी खेळात खरंच एवढा फरक पडतो का? मनगटाचं मशीन असतं म्हणतात, त्यात ते पकडतात का? आणि तारीख कोणतीही असो, घाटंजीपासून त्या निळ्या जर्सीपर्यंत रस्ता आहे तरी कोणता?

निवृत्त_शिट्टी

ताई, मी कामठीचा. सत्तावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि तेवढीच वर्षं जिल्ह्याच्या सामन्यांत शिट्टी फुंकली. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो, मग थोडं वाकडं.

फरक पडतो. चार दिवसांचा नाही, पूर्ण वर्षाचा. वयोगट १ जानेवारीला कापतात. शालेय स्पर्धेत यंदा सतरा खालच्या गटाला १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा जन्म चालतो. पुढल्या वर्षी ही रेघ १ जानेवारी २०१० वर जाईल. म्हणजे २८ डिसेंबरवाला तुमचा भाऊ पुढल्या वर्षी बाहेर, आणि १ जानेवारीवाला तुमचाच भाऊ आत. वर जगभर एक गोष्ट दिसते, ती मीही मैदानावर पाहिली आहे: निवडलेल्या पोरांत जानेवारी ते मार्चवाले जास्त, शेवटच्या तिमाहीतले कमी. चौदा-पंधराच्या वयात अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि एक ढकलाढकली. २००९ च्या पंगतीत तुमचा भाऊ सगळ्यात शेवटच्या पाटावर बसलेला आहे. चार दिवस सरकवले की २०१० च्या पंगतीत तो पहिल्या पाटावर. त्या शिबिरवाल्या सरांना हे बरोबर ठाऊक होतं.

मशीन. फिफानं २००९ च्या नायजेरियातल्या सतरा खालच्या वर्ल्डकपपासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. अंगठ्याच्या बाजूचं हातातलं हाड असतं ना, त्याच्या मनगटाकडच्या टोकाला वाढीची एक रेघ असते. वाढ संपली की ती बुजते. सतराच्या आत ती पूर्ण बुजलेली क्वचितच सापडते, म्हणून बुजलेली दिसली की पोरगं बाद. यात चार दिवस दिसत नाहीत. चार महिनेही दिसत नाहीत. तेव्हा मशीनच्या भीतीनं निर्णय घेऊ नका. मशीन तुमच्या बाजूनं आंधळं आहे.

कागद आंधळा नाही. हा किस्सा मी दरवर्षी पोरांना सांगायचो. १९८८ साली उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या देशांची वीस वर्षांखालची स्पर्धा होती, आपल्या सॅफसारखीच शेजाऱ्या-शेजाऱ्यांची. मेक्सिकोनं वय उलटून गेलेले खेळाडू खेळवले, निदान चार. उघडकीला कसं आलं? मेक्सिकोच्या फेडरेशननं स्वतः एक वार्षिक पुस्तक छापलं होतं, त्यात त्याच पोरांच्या खऱ्या जन्मतारखा होत्या. एका पत्रकारानं दोन कागद शेजारी ठेवले, बस. शिक्षा फक्त त्या पोरांच्या संघाला झाली नाही. देशाच्या सगळ्या संघांना दोन वर्षं बंदी. सोल ऑलिम्पिक गेलं, १९९० चा मोठा वर्ल्डकप गेला. आदल्याच वर्ल्डकपचा यजमान देश होता तो.

तुमच्याकडे दोन कागद आत्ताच शेजारी आहेत. तुम्ही ऑनलाइन काहीही चढवा, ती निळ्या शाईची वही कुठे जाणार?

आणि आता वाकडं. सॅफची ही रेघ तरी कुठे एका जागी आहे? २०११ ला स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती सोळा खालची होती. २०१७, १८, १९ ला पंधरा खालची. २०२२ ला सतरा, २०२३ ला सोळा, मग पुन्हा सतरा. भारत सात वेळा जिंकला, पण त्या सात संघांची वयं एकसारखी नाहीत. पहिली स्पर्धा पाकिस्ताननं आपल्यालाच फायनलमध्ये हरवून नेली होती, आणि २०१९ ला कल्याणीत आपण नेपाळला फायनलमध्ये ७-० धुतलं. शिवाय सतरा खालचा वर्ल्डकप पूर्वी दोन वर्षांनी व्हायचा, त्यामुळे मधल्या सालची पोरं हात चोळत बसायची. आता २०२५ पासून तो कतारमध्ये दरवर्षी आहे, ४८ संघांचा. म्हणजे २००९ वाल्यांचीही एक गाडी आहे आणि २०१० वाल्यांचीही.

रस्त्याचं नंतर लिहितो. डोळ्यांत औषध टाकायची वेळ झाली.

लेफ्टबॅक_पुसद

ताई, मी तोच पोट्टा आहो ज्याचं वय कमी केलं होतं. तुमच्या भावासारखं चार दिवस नाई, दोन साल.

माया काकानं केलं. जीव लावूनच केलं, त्याले दोष नाई देत. मी तेरा सालाचा होतो, कागदावर अकराचा झालो. मंग का, मी जिथं जावो तिथं धडका देत जावो. पोट्टे मायापेक्षा वीतभर लहान. मी लेफ्टबॅक, अंगावर गेलो की समोरचा पडेच. तालुका जिंकलो, जिल्हा जिंकलो, पेपरात फोटो आला. घरी वाटे पोट्टा आता टीव्हीवरच दिसते.

मंग एका मोठ्या शहरात निवासी ट्रायल होती. तीन दिवस खेळवलं, चौथ्या दिवशी डाव्या हाताचा एक्स-रे काढाले नेलं. मले वाटलं हात मोडला का पाहून राहिले. डॉक्टरनं फोटो लाईटवर लावला आन् पेनाच्या टोकानं दाखवलं: हे पाय, इथं फट पाहिजे होती, इथं बुजून राहिली. आवाज बी नाई चढवला त्यानं. बाहेर बाकावर आठ पोट्टे बसले होते, त्यातले पाच त्याच दिवशी घरी गेले. एकटा मीच भैताड नोतो म्हणा.

पण एक्स-रेचं दुःख कमी हाय. खरी गोष्ट सांगू? घरी आल्यावर मी माया खऱ्या वयाच्या पोट्ट्यांत खेळलो, तं मले खेळताच ये ना. दोन साल मी निस्ती धडकच शिकलो होतो. चेंडू पायाखाली घेऊन वळणं, समोरचा येण्याच्या आधी पास देणं, काही नाई. बराबरीचा पोट्टा अंगावर आला की माया हातातलं सगळं संपे. तुमचा भाऊ लहान राहून मोठ्यात खेळला तं त्याले डोकं लावावं लागन. बस इतकंच मले समजते.

आता मी ट्रॅक्टर चालवतो. रविवारी खेळतो. लेफ्टबॅकच.

बल्लारशा_लाईन

सगळं खरं, पण रस्ता-रस्ता काय करता? रस्ता मणिपूरहून जातो.

२०१७ च्या वर्ल्डकपचा आपला २१ जणांचा संघ काढून बघा. आठ पोरं एकट्या मणिपूरची. कोलंबियाविरुद्ध जो गोल झाला, कुठल्याही फिफा वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल, तो मारणारा जॅक्सन सिंग मणिपूरचा. आपल्याकडचा म्हणावा तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव, तोही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. विदर्भाचं खातं कोरं. आताची पोरंसुद्धा मोहालीजवळची मिनर्व्हा, उदयपूरकडची झिंक, इम्फाळची क्लासिक, अशा अकादम्यांतून येतात. बारा-तेराव्या वर्षी घर सोडतात. दिवसातून दोन वेळा सराव, अंडी, दूध, हिरवळ. तुमच्या भावाकडे आखर.

मी कोळशाच्या कॉलनीत वाढलो. आमच्याकडे निदान बंगाली आणि तेलुगू पोरांमुळे दर संध्याकाळी सामना असायचा. तरी कोणी तालुक्याच्या पुढे गेलं नाही. २८ डिसेंबर असो की १ जानेवारी, सोळाव्या वर्षी शोधायला कोणी घाटंजीला येत नाही. कडू बोललो असेन तर माफी.

आखरावरची

बल्लारशा भाऊ, कडू नाही, खरंच आहे. फक्त आखराला नावं ठेवू नका. शेणाच्या पोवांमधून चेंडू काढत जायला जे वळण लागतं ते हिरवळीवर कोण शिकवतं?

पुसदच्या दादा, तुमचं भावाला वाचून दाखवलं. काही बोलला नाही. नंतर खिडकीतल्या उजेडात मनगट धरून बघत होता.

निवृत्त_शिट्टी

रस्ता.

बल्लारशावाले म्हणतात तसा तो अरुंद आहे, पण भिंत नाही. सरकारी बाजूनं: शाळेतून तालुका, तिथून यवतमाळला जिल्हा, अमरावतीला विभाग, मग राज्य. राज्याच्या विजेत्या शाळेला दिल्लीचा सुब्रतो कप. १९६० पासून चालू आहे, हवाई दल भरवतं. फुटबॉल फेडरेशनच्या बाजूनं: जिल्हा संघटना, तिथून राज्याचा संघ, मग ज्युनियरची बी. सी. रॉय ट्रॉफी. निवडणाऱ्यांचे डोळे तिथे आणि अकादम्यांच्या युथ लीगमध्ये असतात. खेळाडूची ऑनलाइन नोंदणी होते आणि तिथे जन्माचा दाखला मागतात. एकदा तारीख तिथे बसली की तीच तारीख पुढे जन्मभर मागे येते. कोलंबोला जायचं म्हटलं की पासपोर्ट, तिथेही तीच.

तुमच्या भावाकडे सतरा खालचे हे शेवटचे काही महिने आहेत. विभागापर्यंत गेला तर उत्तम. नाही गेला तर एकोणीस खालचा गट आहे, अकरावी-बारावी तो खेळेल. सॅफचीही एकोणीस खालची स्पर्धा होते, यंदाच्याच मे महिन्यात अरुणाचलमधल्या युपियाला झाली. फायनल पुन्हा बांगलादेशशीच, पुन्हा पेनल्टीवर, आपण जिंकलो. माझ्या अनुभवात उशिरा उंची धरणारी डिसेंबरची पोरं एकोणिसाच्या गटातच उघडतात. सोळाव्या वर्षी मी ज्यांना बाकावर बसवलं, त्यातल्या दोघांनी नंतर मला चुकीचं ठरवलं. एक अजून भेटला की आठवण करून देतो.

टपाल_तिकीट

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण शिक्षण खात्यात बाबूगिरी केली आहे. इथे कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

ताई, पोरगा दहावीला आहे! बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख छापून येते. शाळेच्या रजिस्टरला जे असेल ते तिथे जाईल आणि पुढे नोकरीपर्यंत तेच चालेल. दुरुस्ती करायची तर शाळा सुटण्याआधी. मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव, सोबत जन्मदाखला, मंजुरी शिक्षणाधिकाऱ्यांची. शाळा सुटल्यावर हेच काम दहापट अवघड होतं. आणि आधारवर जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, तेव्हा आधी दाखला पक्का करा, मग आधार, मग शाळा. उलटं केलंत तर फिरत बसाल.

नोंद २१ दिवसांच्या आत झालेली आहे का तेवढं बघा. तशी असेल तर ती सोन्यासारखी समजा.

आखरावरची

टपाल_तिकीट काका, तुमच्यामुळे वाचलो. नोंद ११ जानेवारी २०१० ची आहे, म्हणजे चौदाव्या दिवशीची. बाबा त्या दिवशी कापसाचे पैसे आणायला गेले होते, जाता जाता नोंद करून आले, असं आई सांगते. बाबा आता नाहीत. वहीत माहिती देणाऱ्याच्या जागी त्यांची सही आहे. इतके दिवस मी तारीखच बघत होते, सहीकडे लक्षच गेलं नव्हतं. 'क' नेहमीसारखा उलटा काढलाय.

पान चढवलं. २८ डिसेंबर. ग्रामसेवक साहेबांनी ओटीपी सांगितला आणि "आज एकाच पानाला इतका वेळ?" म्हणाले. मी म्हटलं, नेट स्लो आहे. आधारची दुरुस्ती घाटंजीला जाऊन करून आलो, शाळेचा प्रस्ताव यवतमाळला गेला आहे.

भाऊ तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी राग आईवर काढला. म्हणे, "चार दिवस थांबता नाई आलं का तुले?" आई पऱ्हाटीतून नुकतीच आलेली, ओट्यात कापूस. ती म्हणाली, "मले काय विचारतं? वेचणी चालू होती, घाई तुलेच झाली होती." तो हसला, मग बोलायला लागला.

विभागाचं काही जमलं नाही. जिल्ह्याला सेमीफायनलमध्ये हरलो, २-१. आमचा एक गोल त्याचाच, उजव्या पायाचा, आणि तो डावखुरा आहे.

३० नोव्हेंबरला पुन्हा टाकीखाली जमले होते सगळे. अहमदाबादला सतरा खालच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेसाठी इराणशी शेवटचा पात्रता सामना. आधी इराणचा गोल झाला तेव्हा दोघं उठून ढोरं बांधायला गेले. ते परत येईपर्यंत आपण २-१ पुढे होतो, आणि तसेच आशियाई स्पर्धेत पोचलो. त्या दोघांना अजून चिडवतात. यावेळी ताडपत्री नव्हती, मोबाईलही भावाचाच होता.

शिट्टी सर, एक काम आहे. एकोणीस खालचं ठरलंच आहे, तर बूट घ्यावे म्हणते. आतापर्यंत तो चुलतभावाचे वापरायचा, पुढे कागद कोंबून. आता कागद काढला तरी अंगठा टेकतो. नंबर आठ लागेल बहुतेक. घाटंजीत सगळे कॅनव्हासचेच आहेत. कामठीत खिळ्यांचे, हजारच्या आत, मिळतील का?

निवृत्त_शिट्टी

मिळतील. पायाची लांबी कागदावर पेन्सिलनं काढून फोटो पाठवा, नंबरावर भरवसा नको. दोन्ही पायांची काढा.